आठ सोनेरी, एक काळा

घरोघरी जाऊन अ‍ॅक्वेरियम बसवून देणं, त्यांची देखभाल करणं आणि आजारी मासे बघणं हे माझं काम. छोटं दुकानही आहे. पण दुकानात गिऱ्हाईक काय सांगतं यापेक्षा त्याच्या घरी गेल्यावर जास्त कळतं. सिंहगड रोडच्या एका सोसायटीतून फोन आला, तेव्हा पलीकडच्या ताई एवढंच म्हणाल्या, ‘‘दादा, आमचे मासे परत गेले. दोनच राहिलेत. घरी येऊन बघाल का?’’

टँक हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात, टीपॉयवर. मी आधी टेप काढली. दीड फूट लांब, दहा इंच रुंद, बारा इंच उंच. काठोकाठ भरली तर ३५ लिटर. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ३० लिटरच्या आसपास. या एवढ्या पाण्यात नऊ गोल्डफिश सोडले होते, आठ सोनेरी आणि एक काळा. वास्तूसाठी असा संच मागणारे पुष्कळ येतात आणि देणारे दुकानदारही पुष्कळ आहेत. उरलेले दोन मासे पृष्ठभागाशी तोंड लावून हवा ओढत होते. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते.

आजी सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत, महिनोन्‌महिने बोटीवर. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, घरावर काही यायचं असलं तर मासा ते स्वतःवर घेतो. एखादा गेला की मी म्हणायची, माझ्या पोरावरचं टळलं. पण दर वेळी सगळेच कसे रे जातात?’’

मला त्या प्रश्नाचा फार आदर वाटला. श्रद्धा असूनही त्यांनी तो विचारला होता. बहुतेक घरांत मासे मेले की नजर लागली म्हणतात आणि नवे आणतात. कारण शोधायला कोणी बोलावत नाही.

पाणी तपासलं. अमोनियाच्या किटमधलं पिवळं पाणी बघता बघता गडद हिरवं झालं. रंगाच्या कार्डाशी लावून पाहिलं, लिटरला ४ मिलिग्रॅम. चालू टँकमध्ये हा आकडा शून्य हवा. त्यात सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअर आणि टँकरचं पाणी मिसळतं, त्यामुळे पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) ८ च्या जवळ. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. कल्ले लाल का झाले, याचं उत्तर तिथेच होतं.

पण अमोनिया इतका साठला कसा, हे मला आजींच्या नातवाच्या वहीनं सांगितलं. सातवीतला मुलगा. प्रत्येक खेपेला कोणता मासा कोणत्या वारी गेला, हे त्यानं शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं होतं. पहिले तीन-चार दिवस काहीच नाही, मग पाचव्या-सहाव्या दिवसापासून रांगच. दर खेपेला तसंच. मी विचारलं, ‘‘मासे गेल्यावर टँकचं काय करता?’’

आजीच म्हणाल्या, ‘‘स्वच्छ करतो की! खडी गरम पाण्यानं धुते, काच मिठानं घासते, तो फिल्टरचा स्पंज उन्हात कडक वाळवते. माशांना घाण लागू देत नाही मी.’’

आजींनी मायेनं केलेलं तेच काम माशांच्या जिवावर बेतत होतं. ते त्यांना कसं सांगावं, याचा मी जरा वेळ विचार केला. माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि दर आठवड्याला पाणी बदललं की तेही कमी होतं. हे जीवाणू खडीवर आणि मुख्यतः स्पंजमध्ये वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. गरम पाणी आणि कडक ऊन मिळालं की ती साफ मरते. म्हणजे या घरात दर खेपेला टँक नव्यानं सुरू होत होता आणि पहिल्याच दिवशी त्यात नऊ गोल्डफिश पडत होते.

आजींना म्हटलं, ‘‘आजी, विरजण असलेलं भांडं घासून घेतलं तर दही लागेल का?’’ त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे तो चिकटपणा ठेवायचा होता?’’ हो. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. नळाखाली नाही, कारण क्लोरीननंही जीवाणू मरतात.

आता मुख्य प्रश्न, या टँकमध्ये ठेवायचं काय. गोल्डफिश नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. दुकानात दोन इंचांचा दिसणारा मासा पुढे सहा-आठ इंचांचा होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. त्याला जठरच नसतं, तो दिवसभर खात राहतो आणि तेवढीच घाण करतो. एका गोल्डफिशला मी ७५ लिटरच्या खाली टँक सुचवत नाही.

मुलाला शार्क हवा होता. दुकानात शार्क म्हणून मिळतो तो पंगस. मोठा झाला की माणसाच्या हाताएवढा, काही तर मीटरच्याही पुढे जातात. टँक साफ करतो म्हणून सकर ठेवू का, असं ताईंनी विचारलं. सकर फूटभर वाढतो, आणि तो स्वतः जी घाण करतो ती साफ करणारं कोणी नसतं. वैतागून लोक तो नदीत, तलावात सोडतात आणि तिथल्या माशांना त्रास होतो. हे दोन मासे दीड फुटी टँकसाठी विकूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. निऑन टेट्रा सुंदर, पण त्याला मऊ, थोडं आम्लधर्मी पाणी लागतं. या सोसायटीच्या पाण्यात तो खंगत जातो. झेब्रा डॅनिओ आपल्या देशातला, चिवट, पण त्याला पळायला लांबी लागते. फायटर एकटा ठेवला तर इथे राजासारखा राहिला असता. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून लोक त्याला बरणीत कोंबतात, ते मला बघवत नाही. असा टँक, फिल्टर आणि थंडीत छोटा हीटर मिळाला की तो किती फिरतो ते पाहावं. मी फायटरच सुचवला.

आजी म्हणाल्या, ‘‘एकटा नको रे. नऊ हवेत. मुलगा बोटीवर आहे माझा.’’

नऊ ही संख्या अशक्य नव्हती, नऊ गोल्डफिश अशक्य होते. जड पाणी कोणाला मानवतं? गप्पीला. नर जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. पिवळ्या-सोनेरी शेपटीचे गप्पी मिळतात आणि पूर्ण काळेही मिळतात. आठ सोनेरी, एक काळा. मात्र सगळे नरच. मादी आली की महिन्या-महिन्याला पिल्लं, आणि नर नसला तरी ती आधी साठवलेल्या शुक्राणूंवर अनेकदा विते. ३० लिटर पाणी बघता बघता भरून जातं. पाणवनस्पतींची दाटी केली की नरांच्या आपसातल्या खोड्याही कमी होतात.

आजींनी विचारलं, ‘‘लहान मासा चालतो का या कामाला?’’ मी म्हटलं, ‘‘आजी, शास्त्रातलं मला माहीत नाही. पण तुमच्या घरी जगेल असा हाच आहे.’’ सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, ‘‘जगू दे मग.’’

दोन गोल्डफिश मी त्याच दिवशी पिशवीत घेतले. दुकानातल्या जुन्या टँकचा, जीवाणूंनी भरलेला स्पंज दुसऱ्या दिवशी नेऊन त्यांच्या फिल्टरजवळ बसवला. मुलाला किट वापरायला शिकवलं. ठरलं असं की आधी तीन मासे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिले तर पुढचे तीन, मग शेवटचे तीन. खाणं दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर रविवारी पाव टँक पाणी बदलायचं, क्लोरीन मारणारे थेंब टाकून. मधे एकदा किटमध्ये नायट्राइटचा रंग जांभळा आला, म्हणजे ते वाढलं होतं, तेव्हा मुलानं घाबरून फोन केला. त्याला अर्धं पाणी बदलायला आणि नवे मासे थांबवायला सांगितलं. काळा गप्पी सगळ्यात शेवटी टँकमध्ये सोडला, कारण तो मिळायलाच वेळ लागला.

ते दोन्ही गोल्डफिश आता माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यातल्या सिमेंटच्या हौदात आहेत. आजींना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी सुनेच्या फोनवरून निरोप दिला: त्यांना खायला जास्त घालू नका म्हणावं.