एवढं वाचून लक्षात काय राहतं?

हा प्रश्न लोक मला दोन सुरांत विचारतात. एक कौतुकाचा: ‘एवढं वाचता, लक्षात राहतं सगळं?’ दुसरा जरा संशयाचा: ‘एवढं वाचता, लक्षात राहतं का काही?’ पहिल्यावर मी नुसतं हसते. दुसरा प्रश्न खरा आहे आणि आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगून टाकते, नाही राहत. मध्यंतरी एका कादंबरीचं मी चांगली दहा मिनिटं गुणगान केलं. समोरच्यानं सहज विचारलं, नायकाचं नाव काय? मी पाणी प्यायला उठले.

कथानक सगळ्यात आधी जातं. कोण कोणाचा भाऊ, भांडण कशावरून पेटलं, शेवटी कोण मेलं, सहा महिन्यांत पाटी कोरी. उरतं ते भलतंच काहीतरी, ज्याचा त्या पुस्तकाबद्दल बोलताना कुणी उल्लेखही करत नाही. गेल्या काही महिन्यांत निव्वळ हौसेनं चार पुस्तकं वाचली, त्यातली तीन दुसऱ्यांदा. त्यामुळे माझ्या डोक्यानं काय ठेवलं आणि काय फेकलं, हे ताडून बघता आलं.

‘पाडस’ घ्या. मार्जोरी रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ची, मराठीत आणली ती राम पटवर्धनांनी. पहिल्यांदा वाचली तेव्हा हरणाच्या पिल्लासाठी यथासांग रडले होते. पण इतक्या वर्षांनी डोळ्यांपुढे काय होतं, तर सुरुवातीची ती पाणचक्की. कामं सोडून ज्योडी, म्हणजे पुढे ते पिल्लू पाळणारा पोरगा, झऱ्यावर पळतो. दोन बेचकी काटक्या वाळूत रोवतो, त्यांच्यावर आडवी काडी टेकवतो, काडीत ताडाच्या झावळीच्या पट्ट्या बसवतो आणि मग तिथेच पालथा पडून ते चाक फिरताना बघत राहतो. पट्टी वर येते, खाली जाते, पाण्याला टेकते, पुन्हा वर. मोठं अस्वल विसरले, बापाला डसलेला सर्प अर्धामुर्धा विसरले, ही काडी तेवढी फिरत राहिली.

आता दुसऱ्या वाचनातली गंमत. (गंमत कसली, धक्काच. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) पाडसाला स्वतःच्या हातानं गोळी घालावी लागल्यावर ज्योडी घर सोडून जातो. परतताना पुन्हा त्याच झऱ्याशी येतो आणि पुन्हा तसलीच पाणचक्की करतो. ती फिरते. पण त्याला काहीच वाटत नाही. तो लाथेनं ती मोडून टाकतो. हे दुसरं चाक माझ्या आठवणीतून साफ गळून गेलं होतं! पहिलं जपून ठेवलं आणि ज्याच्यासाठी ते पहिलं लिहिलं होतं, तेच टाकून दिलं. म्हणजे मी इतकी वर्षं अर्धंच पुस्तक ‘आवडतं’ म्हणून मिरवत होते.

‘स्मृतिचित्रे’ मात्र पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. आधी उतारेच वाचले होते, आणि उताऱ्यांवर मत ठोकून देण्यात आपण सगळेच पटाईत. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागांनी आलं, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. चर्चा होते ती त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांच्या धर्मांतराची आणि त्या संसाराची, आणि ती व्हायलाच हवी. पण मला विचाराल तर मी सांगेन लक्ष्मीबाईंच्या वडिलांबद्दल. सोवळ्याचं त्यांना असं काही वेड लागलं होतं की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर उरणार किती? मी वाचता वाचता थांबले आणि मोठ्यानं हसले. मग त्या घरात वाढणाऱ्या पोरीचा विचार मनात आला आणि हसू आवरलं. बाई मात्र थांबत नाहीत, त्या पुढच्या गोष्टीला लागलेल्या असतात. स्वतःच्या दुःखाची एवढी थट्टा करणारं माणूस मी दुसरं वाचलेलं नाही.

मध्ये एक जाडजूड, बक्षीस मिळालेलं पुस्तकही झालं. त्यातलं काही आठवत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ही मात्र माझी जिरवणारी गोष्ट. १८५७च्या धामधुमीत दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेलेले हे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, जगले. हे सगळं त्यांनी लिहिलं पंचवीसेक वर्षांनी आणि छापून यायला १९०७ उजाडलं. काल्पीजवळच्या विहिरीचा प्रसंग मला ‘तोंडपाठ’ होता: धुळीनं माखलेली राणी घोड्यावरून येते, तहानेनं व्याकुळ, भटजी पाणी काढून देतात, ती पिते. परवा वाचलं तर तसं नाहीच! भटजी पाणी काढायला सरसावतात आणि राणीच त्यांना अडवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नये, अशा अर्थाचं बोलते, स्वतः काढते आणि मडक्यातून ओंजळीनं पिते. सगळा प्रसंग उभा आहे तो त्या नकारावर, आणि नेमका तोच माझ्याकडे नव्हता. त्यांना पंचवीस वर्षांनी आठवलं, मला आयतं छापील मिळूनही ठेवता आलं नाही.

चौथं ‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५चं. त्यातली शेकूची बायको मी कधीच विसरले नव्हते. बैल कमी पडतो म्हणून ती आपला खांदा जुवाखाली देते. माडगूळकर तिथे गळा काढत नाहीत, म्हणूनच ते टिकलं असावं.

माझी प्रत जुनी आहे. वाचता वाचता एका पानावर माझीच पेन्सिल सापडली: समासात दुहेरी रेघ आणि शेजारी ‘वा!’. तो परिच्छेद चारदा वाचला. साधंसं वर्णन, आधीच्या पानावर होतं तसंच, पुढच्या पानावर आहे तसंच. त्या ‘वा!’चं कारण काही केल्या सापडेना. शेकूच्या बायकोच्या पानाला मात्र पेन्सिल टेकलेलीसुद्धा नव्हती.