गोदामाखालचं लाल पाणी

शेवटी विसरेन म्हणून आधीच सांगतो. टिंबरबॉर्न या कॉम्प्युटर गेममध्ये 'डॅम' नावाची जी वस्तू मिळते, ती तिच्या नावावर जाऊन कुठेही ठोकू नका. माझे दोन रविवार आणि ओकची अख्खी राई तिने खाल्ली.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माणूसजात संपलीय, मागे पडकी बांधकामं उरलीत आणि बीव्हर, म्हणजे नदीवर बांध घालणारे ते प्राणी, लाकडाची गावं वसवताहेत. पोलंडच्या मेकॅनिस्ट्रीने २०२१ मध्ये हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच, आणला. आधी त्रास फक्त दुष्काळाचा होता. नंतरच्या एका अपडेटमध्ये बॅडवॉटर आलं, म्हणजे लाल विषारी पाणी. अधूनमधून बॅडटाइड येते, तेव्हा नदीच्या उगमातूनच हे पाणी वाहायला लागतं. ते जिथून जातं किंवा साचतं तिथली आजूबाजूची जमीन नासते, पिकं मरतात, झाडं वाळतात. मेलेली झाडं तोडली तर लाकूड मिळतं, तेवढाच आधार.

मी फोकटेल्स ही बीव्हरांची टोळी घेऊन खेळत होतो. वसाहत उभी राहिली, गाजरं-बटाटे आले, पहिले दुष्काळ निभावले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या बॅडटाइडने नदीकाठचं शेत नासवलं. ते साहजिकच होतं, मी तयारीच केली नव्हती. मग शिकलो. गावाकडे येणाऱ्या पाटावर फ्लडगेट, म्हणजे उघडझाक करता येणारे दरवाजे, बसवले. बॅडटाइडची सूचना आली की ते बंद करायचे. वर पाणी तुंबतं आणि बाजूच्या घळीतून नकाशाच्या कडेला निघून जातं. शिवाय विज्ञानाचे गुण जमवून कंटॅमिनेशन बॅरिअर घेतला आणि नदी आणि शेत यांच्यामध्ये त्याची सलग ओळ टाकली. हा बॅरिअर मातीतून पसरणारं विष अडवतो, वाहतं पाणी अडवत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असूनही पुढचं झालं, म्हणून जास्त चीड येते.

दुसरी बॅडटाइड आली, गेली. नदी निळी झाली. काठाची जमीन हळूहळू सुधारली. पण शेताचा मधला पट्टा, गोदामाजवळचा, लालच. म्हटलं, लागेल वेळ. तिसरी आली, गेली. पट्टा उलट वाढला. ओकची राई त्यातच गेली. या गेममध्ये ओक वाढायला तीस दिवस लागतात, ते ज्याने मोजलेत त्यालाच त्याची किंमत कळेल.

मग मी करायला नको ते सगळं केलं. बॅरिअरची दुसरी ओळ टाकली. तिसरी टाकली. एक ओळ तर गोदामाच्या भिंतीला चिकटून टाकली. प्रत्येक ठोकळ्यावर क्लिक करून कुठे फट राहिलीय का बघत बसलो. फट नव्हती. रात्रीचा एक वाजला, बाहेर जुलैचा पाऊस, मध्येच लाईट गेली. यूपीएसवर जेमतेम सेव्ह केलं. (बॅडटाइडच्या आधी हाताने सेव्ह करत जा, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका. हेही आत्ता आठवलं म्हणून.)

दुसऱ्या दिवशी काका आले. आमचं घर बेळगावच्या वडगावात, शेत येळ्ळूर रस्त्याकडच्या शिवारात. बळ्ळारी नाला ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. धूळवाफ पेरणी करायची, बासमती उगवून यायचा आणि जुलैत नाल्याचं पाणी पात्र सोडून शिवारात घुसायचं. शहराचं सांडपाणी, वर जलपर्णी. काका नुकतेच तेच बघून आले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले,

"काय करालास गा? हे तांबडं काय?"

"नासलेलं पाणी, काका. आमच्या नाल्यासारखंच."

त्यांनी खुर्ची ओढली. चहा येईपर्यंत मी त्यांना बॅरिअरच्या तिन्ही ओळी दाखवल्या, थोड्या अभिमानाने. त्यांनी त्या बघितल्याच नाहीत. म्हणाले, "बांध नंतर. तांबडं कुठं जास्त गडद आहे ते दाखव आधी."

गडद होतं ते गोदामाभोवती. नदीकडची बाजू फिकट.

"मग नदीकडनं कसं येईल ते? आतच आहे की."

मी म्हटलं, आत पाणीच नाही. ते म्हणाले, "हे घर उचल बघू." गोदाम उचलता येत नाही. पण कॅमेरा पार खाली नेऊन आडवा फिरवता येतो, आणि हे मी तीन बॅडटाइडमध्ये एकदाही केलं नव्हतं. फिरवला. गोदाम प्लॅटफॉर्मवर उभं होतं, आणि प्लॅटफॉर्मच्या खाली, दोन ठोकळे खोल खड्ड्यात, लालभडक डबकं.

खड्डा कुठला? तर सुरुवातीला शेतापर्यंत पाणी आणायचा जुना पाट. फ्लडगेटच्या वरच्या अंगाला तो नदीला जोडलेला होता. नवीन व्यवस्था केल्यावर त्याची गरज उरली नाही, म्हणून तोंडाशी एक डॅम टाकून 'बंद' केला, आणि जागा वाया जायला नको म्हणून त्यावर गोदाम बांधलं. आता, डॅमची उंची पूर्ण ठोकळ्याची नसते, ०.६५ असते. त्याच्या वर गेलेलं पाणी सरळ पलीकडे सांडतं. पूर्ण अडवायचं असेल तर लेव्ही लागते. एरवी नदीची पातळी डॅमच्या खालीच असायची, त्यामुळे सगळं कोरडं, निर्धोक दिसायचं. पण बॅडटाइडला मी मोठ्या हुशारीने फ्लडगेट बंद करायचो, पाणी तुंबून वर चढायचं, आणि डॅमवरून थेट गोदामाखाली. म्हणजे दर वेळी मीच माझ्या हाताने ते डबकं भरत होतो. आणि भोवती बॅरिअर टाकून विष आत कोंडत होतो!

काका काही बोलले नाहीत. चहात बटर बुडवून खाल्लं फक्त.

त्यानंतरचं काम सोपं होतं. डॅम काढून लेव्ही टाकली. गोदाम पाडून माल हलवला. खड्ड्यावर बॅडवॉटर पंप बसवला. ते पाणी फेकायचं नाही, स्फोटकांच्या कारखान्याला तेच लागतं. त्या स्फोटकांचा डायनामाइट करून पुढे घळ रुंद केली. पंपाच्या घाईत एक बीव्हर लाल पाण्यात उतरून आजारी पडला. त्याला उतारा लागतो, आणि उताऱ्याला डँडेलियन लागतात, तेव्हा ते आधीपासून लावून ठेवा. आणि फ्लडगेट हाताने उघडझाक करण्यापेक्षा स्लूस घ्या, पाण्यातलं विषाचं प्रमाण बघून ते आपलं आपण बंद होतं. मी तिसऱ्या बॅरिअरच्या नादात वेळ घालवला नसता तर केव्हाच घेतलं असतं.

डबकं आटल्यावर लाल पट्टा कडेकडून मागे सरकायला लागला. मी खुर्चीवरच उठून उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. आधी गाजर लावलं, ते चार दिवसांत येतं.

"चार दिवसांत जमीन सुधारली?" काकांनी विचारलं.

"सुधारायला आणखी थोडे लागले. चार दिवसांत गाजर."

"बरंय की," म्हणाले, आणि पँट दुमडून पुन्हा शिवाराकडे गेले. पाणी अजून उतरलं नव्हतं.