गरम गाडीचा रुसवा

सकाळी चोक ओढून एका किकला उठणारी गाडी. वीस किलोमीटर कुरकुर न करता पळते. मग कुठेतरी पंधरा मिनिटं उभी राहते आणि परत निघायच्या वेळी ढिम्म. किकवर किक, पायाला कळ, चार बघे, आणि त्यातल्या एकाचा हमखास सल्ला : ‘चोक देऊन बघा.’ चोक म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका; गरम गाडीला तो सल्ला नेमका चुकीचा असतो, पण सांगणाऱ्याचा आवाज इतका ठाम असतो की हात आपोआप चोककडे जातो. अर्ध्या तासाने कुणी काही न करता गाडी चालू होते, तेव्हा श्रेय शेवटची किक मारणाऱ्याला मिळतं.

थंड गाडीचा बिघाड निदान जागेवर बसून राहतो. गरम गाडीचा बिघाड गॅरेजच्या दारापर्यंत पोचेतो पसार होतो. मेकॅनिक किक मारतो, गाडी उठते. तो आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे. मग अंदाजपंचे भाग बदलायला सुरुवात होते. आधी प्लग, मग ठिणगीचा दाब वाढवणारी एचटी कॉइल, मग ठिणगी सोडणारा सीडीआयचा डबा, आणि एवढं करूनही रुसवा गेला नाही की पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या बिचाऱ्या कार्बोरेटरवर कुऱ्हाड. खरं तर या दुखण्यात पान्याच्या आधी घड्याळ लागतं, आणि तपास करायचा तो गाडी उठत नसताना, आहे त्या जागी. एकदा इंजिन निवलं की पुरावा गेला.

घड्याळ काय सांगतं? बंद करून मिनिटभरात परत चालू केली तर उठते, दहा ते वीस मिनिटांनी उठत नाही, तासाभराने पुन्हा उठते, असं असेल तर पहिला संशय पेट्रोलवर घ्यावा. कार्बोरेटर सगळ्यात जास्त तापतो तो गाडी पळताना नाही, थांबल्यावर. पळताना त्याला वारा लागतो, टाकीतून ताजं पेट्रोल येत राहतं. गाडी बंद केली की दोन्ही थांबतं, आणि हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यातली, उष्णता सावकाश मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटर जोडणाऱ्या नळीतून) मागे सरकते. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतात. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल फुगतं, बुडबुडे धरतं, जेटच्या बारीक भोकातून आत सांडतं आणि इंजिन ‘ओव्हर’ होतं, म्हणजे जादा पेट्रोलने गुदमरतं. कधी उलटही होतं : नळीतच वाफ अडकते आणि वाटी भरत नाही. बंद केल्या केल्या, इंजिन कढत असतानाही गाडी उठत नसेल, तर मात्र करंट (प्लगची ठिणगी) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) यांच्याकडे आधी बघायचं.

जागेवर तीन गोष्टी तपासता येतात. पहिलीला हत्यारच लागत नाही : हाताने किंवा पायाने किक हळू दाबायची. कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेवर, ती अडते का, की मऊ लोण्यासारखी खाली जाते? सकाळी अडणारी किक आता सुळकन जात असेल, तर उत्तर मिळालं. ते टॅपेटपाशी आहे. दुसरी गोष्ट प्लग. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून तो काढताना घाई केली तर आटे सोबत येतात, तेव्हा अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे असं करत हळूच. ओला आणि वासाचा निघाला तर पेट्रोल जास्त झालंय, किंवा करंटच नसल्याने ते जळलेलं नाही. पाच-सहा किक मारूनही कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. तिसरी गोष्ट करंट. जवळचा जादा प्लग कॅपमध्ये घालून त्याचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीला तेवढं निमित्त पुरतं. निळी, टच्च वाजणारी ठिणगी हवी. उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणजे दाबाखालीही ती पडेल याची खात्री नसते. पण दिसलीच नाही, तर पुढे शंकेला जागा नाही.

आता चोकबद्दल. गरम इंजिनाला आधीच पेट्रोल जास्त झालेलं असताना चोक ओढणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. ओव्हर झालेल्या गाडीचा उपाय उलटा आहे : कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि तसाच धरून सात-आठ सलग किक. हवा भरपूर जाते, पायलट जेटवरची ओढ कमी होते, आतलं पेट्रोल उडून जातं. पेट घेतला की ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा, आणि कॉक चालू करायला विसरायचं नाही; ती आठवण पहिल्या चौकात बंद पडल्यावर होते. एरवी गरम गाडीला चोक न देता ॲक्सिलरेटर एक अष्टमांश उघडून किक मारावी. किक मारण्याआधी तो दहादा पिळायची सवय अनेकांना असते. कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप नसेल तर त्याने काहीच होत नाही, आणि असेल तर ओव्हरच होते.

दर वेळी ओव्हर होत असेल तर कारण शोधायला हवं. फुकटातली एक चाचणी आहे : दोन-चार दिवस थांबताक्षणी कॉक बंद करायचा. तेवढ्याने रुसवा गेला तर दोष फ्लोटच्या नीडलचा (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईचा), किंवा वाटीतल्या पातळीचा. नीडलचं रबरी टोक डोळ्याला साबूत दिसतं, पण त्यावरून नख फिरवलं की एका जागी अडकतं. आपल्या सीटवर, म्हणजे भोकाच्या कडेवर, बसून बसून पडलेली ती बारीक कडी असते. थंडपणी ती कशीबशी धरते. वाटी तापून पेट्रोल फुगलं की गळते. पातळी बघायला कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावा, ती वळवून कार्बोरेटरला समांतर उभी धरा आणि ड्रेनचा स्क्रू सैल करा. नळीतलं पेट्रोल वाटीच्या सांध्याच्या काही मिलिमीटर खाली थांबलं पाहिजे. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पातळी थांबून परत हळूहळू वर सरकू लागली, तर नीडल गळतेय हे समोर दिसतं. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, चालणारा कॉक असेल तर त्याला बंद करायची खूणच नसते. तिथे व्हॅक्यूमची बारीक नळी उपसून बघा. ती कोरडी हवी. आतून ओली असेल तर कॉकचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल जेटला वळसा घालून सरळ इंजिनात जातंय.

प्लंजरचा चोक असेल तर त्याची केबल ताणलेली नाही ना, एवढं बघावं. एक-दोन मिलिमीटर ढील हवी. ढील नसली की प्लंजर पुरता बसत नाही, म्हणजे चोक कायमचा थोडासा उघडा. थंडीत अशी गाडी फार गुणी वाटते.

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक हा प्रकार मजेशीर आहे, कारण ते बुजलं की दोन विरुद्ध तक्रारी होतात. चालताना पेट्रोल खाली जातं तशी टाकीत पोकळी होते आणि वाटीत पेट्रोल उतरत नाही. उन्हात उभी असताना तीच टाकी दाब धरते आणि पेट्रोल नीडलला ढकलून आत घुसतं. गाडी उठेना तेव्हा झाकण उघडा. ‘फुस्स’ झालं, तर भोक साफ करा. आणि कार्बोरेटर व हेड यांच्यामध्ये बेकलाइटसारखा जाड इन्सुलेटर असतो, तो जागेवर आहे का तेही पाहा. तो तडकल्यावर त्या जागी नुसता कागदी गॅस्केट ठोकून दिलेला असेल, तर उष्णतेला रस्ता मोकळा.

करंटच्या बाजूला सर्वात जास्त शिव्या सीडीआय खातो, आणि बहुतेक वेळा विनाकारण. तो सीटखाली किंवा टाकीखाली, इंजिनापासून लांब असतो. तापतो तो मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चक्राच्या) कव्हरमधला, ठिणगीची वेळ सांगणारा पल्सर कॉइल. बऱ्याच गाड्यांत तर तो गरम तेलातच असतो. त्याची केसासारखी बारीक तार आत कुठे तुटलेली असली, तर थंडपणी टोकं टेकलेली राहतात आणि तापून फुगली की सुटतात. मीटर लावून थंड आणि गरम असा दोनदा ओहम मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणून २० अंशांना २०० ओहम दाखवणारा कॉइल १०० अंशांना साधारण २६३ दाखवेल. तो निरोगी आहे, बदलू नका. आकडा उड्या मारत असेल किंवा थेट अनंत दाखवत असेल, तर गुन्हेगार तोच. घरी पडताळायला केस वाळवायचं यंत्र पुरतं : कॉइल तापवा आणि मीटरवर नजर ठेवा. प्लगच्या रोधकाच्या कॅपमध्ये साधारण ५ किलोओहम असतात. तिथे दहा-पंधरा दिसले तर आधी कॅप बदला. सीडीआयऐवजी पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत हाच खेळ कंडेन्सर करतो.

आता टॅपेट. आवाज करणाऱ्या टॅपेटची सगळे तक्रार करतात आणि गप्प टॅपेटचं कौतुक. मला गप्प टॅपेटची जास्त धास्ती वाटते. बहुतेक गाड्यांत वापराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये (स्वतःच्या बैठकीत) रुतत जातो, म्हणजे त्याची दांडी वर सरकते आणि तिला दाबणाऱ्या रॉकरखालची फट कमी होते. आवाज हळूहळू बंद होतो, मालक खूश. थंडपणी केसभर फट उरलेली असते. इंजिन तापलं की दांडी लांबते, फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. पळत्या इंजिनात गळायला वेळच मिळत नाही, म्हणून गाडी रस्त्यावर ठीक वाटते. किकच्या संथ फेऱ्यात मात्र कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामधून निघून जातं. असंच चालवत राहिलं तर गरम वायू सुटून व्हॉल्व्हची कड जळते, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

मोजणी थंड इंजिनावरच करायची. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. प्लग काढा, मॅग्नेटच्या कव्हरमधलं छोटं झाकण काढा आणि क्रँक फिरवून ‘टी’ची खूण (पिस्टन माथ्यावर आल्याची) रेषेवर आणा. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एखादा आवळलेला असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर नाही, एक पूर्ण फेरा आणखी द्या. समजा मॅन्युअल ०.०८ मिलिमीटर म्हणतं. ०.०८ची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) हलकासा ओढ देत सरकली पाहिजे, ०.१०ची शिरता कामा नये. खरी चूक यानंतर होते : लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि फट पुन्हा कमी होते. स्क्रू धरून ठेवा, नट आवळा आणि पट्टी परत घालून बघा. हे ‘परत’ जिथे टाळलं जातं, तिथे टॅपेट केल्यानंतर गाडी जास्तच रुसते.

सेल्फच्या गाडीत तापल्यावर सेल्फ रडत रडत फिरत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी मीटर लावावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असावेत, सेल्फ मारताना साधारण ९.५च्या खाली जाऊ नयेत. सेल्फ दाबून धरून बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत मोजलं तर ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. जास्त असेल तर अर्थची वायर गंजलीय.

इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटर नाही, पण संशयित तसेच. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर तापल्यावर रोध कमी दाखवतो : थंडपणी दोन-अडीच किलोओहम, गरम झाल्यावर काहीशे ओहम. तो गरम असूनही ‘थंड’ सांगत राहिला तर ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा संगणक) इमानाने जादा पेट्रोल देतो आणि गाडी ओव्हर होते. उलट, बंद झाल्यावर पंपाचा दाब टिकत नसेल तर नळीत वाफ होते. किल्ली चालू करून पंपाची घरघर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा चालू करा आणि मग सेल्फ मारा. याने गाडी उठली, तर दाब कुठे उतरतोय ते शोधायचं.

एक भाग बदलला की दुसऱ्याला हात लावण्याआधी गाडी नीट तापवून पंधरा मिनिटं उभी करावी आणि मगच किक मारावी. गॅरेजात थंड इंजिनावर ‘झाली बघा’ म्हणून दिलेली किक मोजायची नाही.