सहकाऱ्यांनी दिलेला चषक

न्यूयॉर्क यँकीज संघाचा बेसबॉलपटू लू गेरिग याला १९२७ आणि १९३६ मध्ये अमेरिकन लीग या बेसबॉल साखळीचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो ४ जुलै १९३९ रोजी यँकी स्टेडियमवर संघसहकाऱ्यांनी त्याला दिलेला चांदीचा चषक. सलग २,१३० सामने खेळलेला हा फलंदाज तोवर एएलएस या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या असाध्य विकाराने इतका खंगला होता, की व्यवस्थापक जो मॅकार्थी यांनी हाती दिलेला तो चषक त्याने लगेच जमिनीवर ठेवला. चषकाच्या एका बाजूला सहकाऱ्यांची नावे, तर दुसऱ्या बाजूला क्रीडापत्रकार जॉन कीरन यांची कविता कोरलेली आहे (पत्रकाराकडून कविता लिहून घेणारा संघ विरळाच!). गेरिग १९४१ मध्ये गेला. चषक आता कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.