न्यूटन जुळला म्हणून टाइम स्टेप बरोबर ठरत नाही

नॉनलिनिअर डायनॅमिक अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे ताठरपणा बदलत जाणाऱ्या रचनेची हालचाल वेळेच्या छोट्या तुकड्यांत (टाइम स्टेप) मोजताना, 'अ‍ॅडॅप्टिव्ह' (गरजेप्रमाणे बदलणारी) स्टेप म्हणून बहुतेकदा एवढंच केलेलं असतं: न्यूटन (प्रत्येक स्टेपमध्ये फेऱ्या करत समतोल शोधणारी पद्धत) जुळला नाही की स्टेप अर्धी, झटकन जुळला की दुप्पट. हे मला अजिबात पटत नाही. न्यूटन जुळला म्हणजे स्टेपच्या शेवटी बलांचा समतोल साधला, इतकंच. स्टेपच्या पोटात त्वरण कसं बदललं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. लिनिअर मॉडेलमध्ये तर स्टेप कितीही मोठी असली तरी तो एका फेरीत जुळतो.

खरा निकष जवळजवळ फुकट मिळतो. न्यूमार्क ही त्वरणावरून पुढचं विस्थापन काढणारी पद्धत; स्टेपच्या शेवटच्या त्वरणाला किती वजन द्यायचं ते तिच्यातला बीटा हा स्थिरांक ठरवतो. तिचं विस्थापनाचं सूत्र टेलर मालिकेशी ताडून पाहिलं, की एका स्टेपमधली चूक हाती येते: (बीटा − 1/6) × स्टेपचा वर्ग × त्वरणातला फरक. बीटा 1/4 असेल तर गुणक 1/12. बीटा 1/6 घेतला तर मात्र हा अंदाज कायम शून्य दाखवतो. चूक असतेच, फक्त या सूत्राला दिसत नाही.

या चुकीला आतापर्यंतच्या कमाल विस्थापनाने भागा. सुरुवातीला ते शून्य असतं, म्हणून भाजकाला एक किमान मर्यादा द्या. चूक स्टेपच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून नवी स्टेप = जुनी × 0.9 × (टॉलरन्स ÷ चूक) चं घनमूळ. टॉलरन्स म्हणजे आपण चालवून घेतो ती कमाल चूक.

इथवर सोपं आहे. पण मुक्त कंपनात त्वरण शिखरावर असताना त्याचा बदल शून्याजवळ येतो, म्हणजे दर आवर्तनात दोनदा अंदाज फसवा लहान दिसतो आणि स्टेप फुगते. म्हणून कमी करायची ती लगेच, वाढवायची ती सलग चार-पाच स्टेप चूक टॉलरन्सच्या खूप खाली राहिल्यावरच. यात आणखी एक फायदा आहे: स्टेप बदलली की 'इफेक्टिव्ह' स्टिफनेस मॅट्रिक्सचं (स्टेपवर अवलंबून असलेला ताठरपणाचा तक्ता) फॅक्टरायझेशन, म्हणजे समीकरणं सोडवण्यासाठीची खर्चिक फोड, पुन्हा करावं लागतं. त्यामुळे अर्धी-दुप्पट अशा ठरावीक मापांतच बदल करणं उत्तम.

न्यूटनचा टॉलरन्सही इथे आड येतो. विस्थापनात डेल्टा इतकी चूक उरली, तर बीटा 1/4 असताना त्वरणात ती 4 डेल्टा ÷ स्टेपचा वर्ग इतकी होते, आणि अंदाजात डेल्टाचा तिसरा हिस्सा उतरतो. स्टेप कितीही लहान केली तरी तो हटत नाही. स्टेपचा टॉलरन्स त्याहून खाली असेल तर प्रोग्राम स्टेप कापतच बसतो. न्यूटनमधली उरलेली चूक स्टेपच्या टॉलरन्सच्या दहाव्या भागाखाली ठेवा.

स्टेप नाकारताना विस्थापन, वेग, त्वरण मागे नेणं पुरत नाही. प्लास्टिक स्ट्रेनसारखी (बल काढल्यावरही उरणारी विकृती) मटेरियलची स्थितीही मागच्या जुळलेल्या क्षणाची हवी, नाहीतर नाकारलेल्या स्टेपचं यील्डिंग (कायमचं वाकणं) मॉडेलमध्ये तसंच राहतं. भूकंपाची नोंद 0.01 सेकंदाच्या अंतराने असेल तर स्टेप त्याहून मोठी होऊ देऊ नका. मधली शिखरं गळतात.

आणि एक मर्यादा टॉलरन्सने झाकली जाते. आवर्तनकाळ 0.5 सेकंद आणि टॉलरन्स 0.001 असेल, तर मुक्त कंपनात स्टेप साधारण 0.018 सेकंदावर येते. आकडा चोख वाटतो, पण बीटा 1/4 ला आवर्तनकाळ त्यामुळे सुमारे 0.44 टक्क्यांनी लांबतो. 20 आवर्तनांत जवळपास 31 अंशांचा फेजफरक साचतो. टॉलरन्स आठपट कडक केला तर स्टेप निम्मी होते आणि हा फरक 8 अंशांच्या आसपास येतो.