संग्रामदुर्ग, चाकण: ईशान्य कोपऱ्याची नोंद, टप्पा 2

14 ऑगस्ट 1660 ला शायिस्ताखानाच्या सुरुंगाने उडवला तो ईशान्य कोपऱ्यातला बुरूज. दुसऱ्या दिवशी किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला खाली केला. त्यानंतरही किल्ला वापरात राहिला, म्हणजे भगदाड कुणीतरी बुजवलं असणार. या टप्प्यात शोध आहे तो त्या बुजवणीच्या सांध्याचा, म्हणजे मूळ आणि नंतरचं बांधकाम जुळतं त्या रेषेचा. खोदकाम परवान्याचं काम, त्यामुळे फक्त मोजमाप, फोटो, नोंद. खापर दिसलं तर 10 सेंमीची पट्टी ठेवून फोटो, चौकटीचा क्रमांक, आणि ते जागच्या जागी.

आखणी 5 मीटरच्या चौकटींची. काटकोन 3-4-5 च्या दोरीने (बाजू 3, 4 आणि 5 मीटरच्या त्रिकोणाने), कर्ण 7.07 मीटर भरला पाहिजे. 3 सेंमीहून जास्त फरक आला की खुंटी हलवायची, आकडा नव्हे. खंदकावरून ताणलेली टेप मधे लोंबते आणि अंतर जास्त दाखवते.

होकायंत्रावर भिस्त नको. आपला काळा कातळ चुंबकीय असतो, सुई ओढतो. प्रत्येक रेषेचा कोन दोन्ही टोकांकडून घ्यायचा. फरक बरोबर 180 अंश नसेल तर एका टोकाशी सुई फसली आहे.

फोटो जुळवून केलेल्या तटाच्या त्रिमितीय प्रतिकृतीची पहिली खेप वाया. तटाला समांतर चालत, सगळे फोटो काटकोनातून काढले की सरळ भिंत प्रतिकृतीत धनुष्यासारखी वाकते. उपाय: लागोपाठच्या फोटोंत 70 ते 80 टक्के भाग सामाईक, शिवाय दर चौथ्या-पाचव्या जागेवरून 20 अंश तिरका फोटो. झूम हलवायचा नाही, फोनचं स्थिरीकरण बंद. ढगाळ सकाळ उत्तम. हलणारं गवत आणि खंदकातलं पाणी फोटोत झाकूनच फोटो जुळवणीला द्यायचे.

खरी मजा सांध्यात आहे. मूळ बांधकामात वरच्या थराचा दगड खालच्या दोघांवर बसतो, त्यामुळे उभी फट सलग वर जात नाही. बुजवणी नंतरची असेल तर उभी फट थरामागून थर चढत जाते, थरांची उंची बदलते, मूळची घडीव बाजू आत वळवलेले दगड सापडतात. पण नुसत्या पावसाने ढासळलेला तट बांधून काढला तरी हेच दिसतं. सुरुंगाचा पुरावा खाली, पायात असतो: पडझडीत पाया सहसा शाबूत राहतो, सुरुंगात पायासकट उखडतो. म्हणून सांधा जमिनीखाली उतरतो की पायाच्या थरावर थांबतो, हीच नोंद महत्त्वाची.

अलीकडची डागडुजी आधी वेगळी काढावी लागते. आम्ल टाकून चुना ओळखायच्या फंदात पडू नका. जुनं सिमेंटही फसफसतं आणि दगड खराब होतो तो वेगळाच. भिंगातून पाहा: चुन्यात न मिसळलेले पांढरे कण दिसतात, सिमेंट एकसारखं करडं.

पुढच्या खेपेला सांध्यांचा नकाशा 1:50 प्रमाणात.