घाट, होडी आणि गिअरबॉक्सचे तेल

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी होड्या चालवणाऱ्या आमच्यासारख्या घरांना होडी ट्रेलरवर घालून ओढणे चुकत नाही. मे महिन्याच्या अखेरीस ती पाण्याबाहेर काढून शेडपर्यंत न्यायची आणि पाऊस सरल्यावर पुन्हा किनाऱ्यावर आणायची, हा दरवर्षीचा क्रम आहे. या कामासाठी आम्ही एक वापरलेली डिझेल पिकअप घेतली. ती ऑटोमॅटिक होती, आणि आधीच्या मालकाने तिच्या इंजिनाचे रीमॅपिंग करून घेतले होते, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवून घेतला होता. रिकामी गाडी चालवताना ती ताकद फार सुखद वाटत असे. ट्रेलर जोडल्यावर तिचे काय होते, हे मला फोंडा घाटात कळले.

घाटावरच्या एका जलाशयावर नौकाविहार चालवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना आम्ही आमची जुनी फायबरची होडी विकली होती. होडी, तिचे इंजिन आणि ट्रेलर मिळून वजन साधारण सतराशे किलो होते. मे महिन्यातील दुपार होती. कणकवली सोडून फोंड्यापर्यंत सर्व काही ठीक होते, पण घाटाच्या निम्म्या चढावर गाडी गिअर बदलताना क्षणभर सुटल्यासारखी होऊ लागली. इंजिनाचे फेरे वाढत, आवाज चढे, आणि वेग मात्र होता तिथेच राही. दाजीपूरला थांबलो तेव्हा बोनेट उघडण्याआधीच जळकट वास आला. करपलेल्या कांद्यासारखा हा वास ज्याने एकदा घेतला आहे तो तो विसरत नाही.

कुडाळच्या मेस्त्रींनी गिअरबॉक्सचे तळातले भांडे उतरवून माझ्यासमोर ठेवले. तेल लालसर असायला हवे होते, ते काळ्या कॉफीसारखे झाले होते. तळाशी बोटाने रेघ ओढता येईल इतकी बारीक काळी पूड बसली होती. नंतर क्लच प्लेट बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यावरचे घर्षण-अस्तर जागोजागी उडालेले होते आणि मधल्या पोलादी चकत्यांवर निळे डाग पडले होते. मेस्त्री एवढेच म्हणाले, "इंजिनाक ताकद दिलंस, पण गिअरबॉक्साक कोणी विचारल्यान?" रीमॅप मी केलेला नव्हता, तरी त्या प्रश्नाने मला अनेक दिवस विचार करायला लावला आणि मी या विषयाच्या मुळाशी जायचे ठरवले.

नुसती ताकद वाढली म्हणून गिअरबॉक्स जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात, आणि तो दाब किती ठेवायचा हे गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाकडून आलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो. गिअर बदलण्याच्या क्षणी तो इंजिनाला टॉर्क थोडा कमी करायलाही सांगतो. घाईने केलेल्या रीमॅपमध्ये इंजिन प्रत्यक्षात जास्त टॉर्क देत असते आणि गिअरबॉक्सला मात्र जुनाच आकडा कळवत असते. त्यामुळे चारशे न्यूटन-मीटरच्या (टॉर्क मोजण्याचे एकक) हिशेबाने आवळलेल्या क्लचवर पाचशेचा भार येतो, प्लेट किंचित घसरतात, आणि त्या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. रिकाम्या गाडीत हा भार क्षणभर येऊन जातो, पण ट्रेलर ओढत घाट चढताना तो अर्धा तास सलग राहतो.

डिझेल इंजिनाची अडचण आणखी वेगळी आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्याही खाली सुरू होतो, आणि गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालत असल्यामुळे कमी फेऱ्यांना त्याचा प्रवाहही कमी असतो. म्हणून खालच्या फेऱ्यांत टॉर्क वाढवणारा रीमॅप चालकाला सर्वात गोड वाटतो आणि गिअरबॉक्सला सर्वात जड जातो. कंपन्या स्वतः या बाबतीत किती सावध असतात हे भारतातल्या टोयोटा हायलक्सवरून दिसते. इंजिन तेच २.८ लिटरचे, पण मॅन्युअल गाडीला ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला आहे. गिअरबॉक्स बदलला की इंजिनाचा आकडाही बदलतो.

उष्णतेचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. पिकअप आणि ट्रेलर मिळून सुमारे ३९०० किलो वजन, शंभराला सातचा चढ आणि ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला, तर चाकांवर साधारण २६ किलोवॉट लागतात. इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडून टाकणारा क्लच, सुटलेला असेल आणि इंजिनाच्या शक्तीचा पाचवा हिस्सा तेल घुसळण्यात जात असेल, तर सहा किलोवॉटहून अधिक उष्णता त्या आठ-दहा लिटर तेलात शिरते. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे तीन गीझर एकाच बादलीत सोडल्यासारखे हे आहे. लॉकअप धरलेला असेल तर यातली बहुतेक उष्णता निर्माणच होत नाही. म्हणूनच घाटात गाडीला स्वतःच्या मर्जीने वरचा गिअर शोधू न देता मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवावा आणि फेरे चढते ठेवावेत, हे मी आता कटाक्षाने पाळतो. मोठे टायर घातलेल्या गाडीत तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण मोठ्या टायरमुळे गिअरचे प्रमाण लांबते आणि लॉकअप उशिरा लागतो.

तेलाचे तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असले तर गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चालतो. १२० च्या पुढे तेल झपाट्याने खराब होऊ लागते. दर दहा अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा या धंद्यातले लोक वापरतात. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र बहुधा इंजिनाच्या पाण्याचेच तापमान दिसते, आणि ते अगदी सामान्य दिसत असताना गिअरबॉक्सचे तेल करपत असू शकते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

किनाऱ्यावरच्या लोकांनी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या आतल्या कप्प्यातून किंवा त्याला जोडलेल्या उष्णता-विनिमयकातून थंड होते. जुन्या कूलंटने, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाने, तिथली भिंत झिजली, तर कूलंट तेलात मिसळते, आणि त्यातले पाणी व ग्लायकॉल क्लच प्लेटवरचे अस्तर धरून ठेवणारा चिकटा सोडवते. तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर गाडी तिथेच बंद करावी. दुसरी गोष्ट रॅम्पची. होडी पाण्यात सोडण्यासाठी आपण ट्रेलर मागे घेतो तेव्हा प्रवासाने तापलेला मागचा डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दातेचाकांची पेटी) एकदम समुद्राच्या पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा येण्या-जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्राच्या, वाटेने खारे पाणी आत ओढले जाते. गिअरबॉक्सलाही असा ब्रीदर असतो. मी दोन्हींच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती वर बोनेटच्या उंचीपर्यंत नेली आहे, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर पंधरा मिनिटे थांबूनच रॅम्पवर उतरतो.

दुरुस्तीत आमच्या एका हंगामाची शिल्लक गेली. क्लच प्लेट आणि कन्व्हर्टर बदलले. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा जुना कूलर धुऊन वापरू नये, हा मेस्त्रींचा आग्रह होता आणि तो योग्यच होता, कारण जाळीत अडकलेली पूड नव्या गिअरबॉक्सात परत येते. पुढच्या ग्रिलमागे वेगळा मोठा कूलर बसवला आणि तेलाच्या तापमानाचा काटा लावला. रीमॅप पूर्ण काढून कंपनीची मूळ आज्ञावली परत टाकली. तेल जन्मभर बदलावे लागत नाही, या म्हणण्यावर ओढकाम करणाऱ्याने मुळीच विसंबू नये. मी दर ३०,००० किलोमीटरला ते बदलतो.

या वर्षी दुसरी होडी घेऊन पुन्हा त्याच घाटाने गेलो. दाजीपूरला काटा १०६ वर होता. इंजिन बंद न करता गाडी न्यूट्रलमध्ये घालून उभी केली, कारण इंजिन चालू असले तरच पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. बारा मिनिटांनी काटा ८८ वर आला, आणि मग राधानगरीकडे निघालो.